नवी होडी डायव्हिंगला लावायची तर

२८ फुटी फायबरची होडी, मागे एक किंवा दोन आऊटबोर्ड, म्हणजे बाहेर लटकणारी इंजिनं, वर जमलं तर ताडपत्रीचं छप्पर. मालवण, तारकर्ली, देवबाग, निवतीच्या पट्ट्यात डायव्हिंगसाठी घेतली जाणारी बोट बहुतेक अशीच असते. साच्यातून ती निघते मासेमारीसाठी, नाहीतर किल्ला बघायला जाणाऱ्या प्रवाशांसाठी. या दोन्ही कामांत बोट चालत असते आणि माणसं बसून असतात. डायव्हिंगला नेमकं उलटं. बोट थांबलेली, बाजूच्या लाटांवर लोळत असते आणि आठ-दहा माणसं पाठीवर वीस-पंचवीस किलो घेऊन एकदम उठत, वाकत, काठाकडे सरकत असतात. होडी कशी पळते ते विकणारा दाखवतोच. उभी कशी राहते ते तुम्हाला बघावं लागतं, आणि खालची बहुतेक मापं त्याच घटकेसाठी आहेत.

भोक पाडायच्या आधी

पहिलं भोक पाडण्याआधी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात जाऊन या. मासेमारीची नोंदणी असलेली जुनी होडी घेतली असेल तर त्याच कागदावर पर्यटक नेता येत नाहीत. प्रवासी वापरासाठी वेगळी नोंदणी, सर्व्हे आणि चालवणाऱ्याचा परवाना लागतो. छप्पर, बाक, सिलिंडरचे रॅक यांचं साधं मापासकट रेखाचित्र सर्व्हेयरला आधीच दाखवावं. छप्पर बसवून झाल्यावर माणसांची संख्या कमी करून मिळाली, की लोक सर्व्हेयरला बोल लावतात. चूक क्रमाची असते. पहिलं रेखाचित्र, मग सर्व्हेयर, मग ड्रिल.

होडी कोरड्या वाळूवर ओढून घ्या आणि एक रुपयाचं नाणं घेऊन सगळ्या अंगावर ठोकत फिरा. टणक आवाज आला तर फायबरचे थर एकजीव आहेत. मध्येच भद्द आवाज आला तिथे खडूने गोल करा; थर सुटलेत किंवा आत पाणी गेलंय. सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो मागच्या फळीला, म्हणजे जिथे इंजिन लटकतं त्या ट्रान्समला. इंजिन अर्धं वर उचला, पंख्याजवळचा भाग धरून वरखाली हलवा आणि दुसऱ्या माणसाला फळीच्या दोन्ही कोपऱ्यांकडे बघायला सांगा. फळी श्वास घेतल्यासारखी हलत असेल, कोपऱ्यात केसाएवढ्या चिरा उघडत-मिटत असतील, तर आतलं प्लायवूड कुजलंय. खात्री करायची तर खालचा एखादा स्क्रू काढा. मागोमाग तपकिरी ओला भुगा आला, तर बाकी सगळं थांबवून आधी ट्रान्सम बदला. त्यावर रंग मारून हंगाम काढता येईल असं सांगणारे बरेच भेटतील.

वजन मांडून बघणं

हिशेब कागदावर करा. सहा पाहुणे, दोन इन्स्ट्रक्टर, तांडेल (बोट चालवणारा) आणि एक खलाशी: दहा माणसं, ७५ किलोने ७५०. अॅल्युमिनियमचा नेहमीचा सिलिंडर ११.१ लिटरचा, भरून, व्हॉल्व्हसकट साधारण १७ किलो. आठ डायव्हर, प्रत्येकी दोन आणि वर दोन जास्तीचे धरून १८ सिलिंडर, म्हणजे ३०६ किलो. शिशाची वजनं ४०, सूट, बीसीडी (सिलिंडर अडकवायचं, हवा भरता येणारं जॅकेट), फिन्स वगैरे ८०, साठ लिटर पेट्रोल ४५, आणि नांगर, साखळी, बॅटरी, ऑक्सिजन, पिण्याचं पाणी मिळून १२० किलो. बेरीज १,३४१ किलो. ही बेरीज बोट बांधणाऱ्याने दिलेल्या क्षमतेच्या आत बसली म्हणून मोकळं होऊ नये, कारण ती क्षमता सगळे आपापल्या जागी बसलेत असं धरून काढलेली असते.

म्हणून शांत पाण्यात, कमरेएवढ्या खोलीत, खरी चाचणी घ्या. सगळं सामान चढवा, माणसंही चढवा, मग सहा जणांना सिलिंडर पाठीला लावून एकाच बाजूच्या काठावर बसवा. बाहेर पाण्यात उभं राहून काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा. ३० सेंटिमीटरच्या खाली गेलं तर माणसं कमी करा किंवा सिलिंडर खाली आणा. सर्व्हे सर्टिफिकेटवरचा माणसांचा आकडा याहून मोठा असला तरी चाचणीचा आकडा पाळावा. लहान असला तर सर्टिफिकेटचा. याच वेळी डेकवरचं पाणी बाहेर जाण्याची भोकंही बघून घ्या. रिकाम्या बोटीत ती पाण्याच्या वर असतात. भरल्यावर पाण्याखाली गेली, तर समुद्र त्याच वाटेने आत येतो. तिथे एकेरी झडप लावावी लागते, आणि झडपेत शेवाळ किंवा वाळू अडकून ती उघडी राहते, म्हणून बुचही जवळ ठेवावं लागतं.

सिलिंडर, बाक, काठ

सगळ्यात जास्त डोकं इथे लावावं लागतं. डायव्हर बाकावर बसला की पाठीमागचा सिलिंडर बाकाच्याच उंचीवर उभा असायला हवा. तरच पट्टे खांद्यात घालून, क्लिप लावून, नुसतं पुढे झुकून त्याला उठता येतं. सिलिंडर तळाला उभा ठेवून त्याच्यापुढे ४५ सेंटिमीटर उंच बाक केला, तर बीसीडी कमरेखाली येते आणि दर वेळी कुणाला तरी ती उचलून धरावी लागते. हलत्या बोटीत पाठ धरते ती तिथेच. दुसरीकडे, सगळे १८ सिलिंडर बाकाच्या उंचीवर चढवले तर तीनशे किलो वजन अर्धा मीटर वर जातं आणि होडी लोळायला लागते, लोळल्यावर सावरायला वेळ घेते. मधला मार्ग असा: त्या फेरीत उतरणाऱ्यांचे आठच सिलिंडर बाकावर, दोन्ही बाजूंना चार-चार. उरलेले दहा मध्यभागी, तळाला, आडव्या फळ्यांच्या चौकटीत उभे. दुसऱ्या डाइव्हसाठी अदलाबदल करताना रिकामा खाली, भरलेला वर, एकेक करून.

बाकाची उंची ४२ ते ४५ सेंटिमीटर, बसायला ३० आणि मागे रॅकला २० सेंटिमीटर खोली. सिलिंडरचा व्यास १८४ मिलिमीटर, त्यावर जाळी आणि रबराचा बूट चढतो, म्हणून रॅकचं घर आतून २०० मिलिमीटर चौरस ठेवा. १९०चं केलं तर नवा असताना बसतो, आणि बुटात मीठ साचलं की दोन माणसांनी ओढावा लागतो. घराची उंची सिलिंडरच्या निम्म्याहून थोडी जास्त, ४० सेंटिमीटर. वर मानेखालून ८ किंवा १० मिलिमीटरचा बंजी कॉर्ड, म्हणजे ताणणारा रबरी दोर. त्याला लोखंडी आकडे नकोत, गाठ आणि लाकडी खुंटी बरी. आकडा गंजतो हे झालंच, पण सुटला तर डोळ्याच्या उंचीवर येतो. बंजी उन्हाने आतून मरतो, बाहेरून चांगला दिसतो. हंगामाच्या मध्याला सगळे बदलून टाकावेत.

रॅक १८ मिलिमीटर मरीन प्लायचे करा आणि कापलेल्या प्रत्येक कडेला इपॉक्सीचे दोन-तीन हात द्या. प्लाय कडेतून पाणी पितं. पीव्हीसी पाइपचे रॅक स्वस्त पडतात आणि दुसऱ्या उन्हाळ्यात तडकतात. बोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे. बाजारात नुसतं स्टेनलेस मागितलं तर ३०४ मिळतं आणि महिनाभरात चहाच्या डागासारखा गंज धरतं. फायबरच्या आत फोम किंवा लाकडाचा गाभा असेल तर नुसतं आरपार भोक पाडू नका. दुप्पट व्यासाचं पाडा, इपॉक्सी भरा, वाळू द्या आणि त्यातून बोल्टच्या मापाचं पुन्हा पाडा. मागून हाताच्या पंजाएवढी पट्टी द्या. वॉशरवर भागवलेले बोल्ट पहिल्या मोठ्या लाटेत फायबर चिरून बाहेर येतात.

भरलेला कुठला आणि संपलेला कुठला हे बोटीवर बघताक्षणी कळलं पाहिजे. भरलेल्याच्या व्हॉल्व्हवर टोपी, वापरलेल्याची काढलेली. हा नियम एकच आणि सगळ्यांसाठी. सिलिंडरच्या खांद्यावर कोरलेली हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाखालच्या चाचणीची) तारीख खरेदीच्या वेळीच वाचून वहीत लिहा. टेस्ट पाच वर्षांनी, आतून डोळ्यांनी तपासणी दर वर्षी. शिशाची वजनं किलोप्रमाणे वेगळ्या खोक्यांत, तळाला. सुटं दोन किलोचं शिसं हातातून पडलं की जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या चकचकीत थराला, ताऱ्यासारखी चीर जाते, पायावर पडलं तर फेरीच रद्द होते.

पाठमोरं पाण्यात पडण्यासाठी काठावर दोन-तीन मोकळ्या जागा लागतात, प्रत्येकी ७० सेंटिमीटर. तिथे खुंट, आकडे, गळ अडकवायच्या नळ्या, छपराचे खांब काहीही नको. मासेमारीच्या होडीवर नेमकं तिथेच काहीतरी असतं. काठावर जाड रबरी पाइप उभा चिरून घट्ट बसवा. छपराचे खांब याच हिशेबाने लावायचे, आणि छप्पर गुंडाळता येणारं ठेवायचं, कारण नांगरावर उभी असलेली बोट छपरावरच्या वाऱ्यानेच इकडेतिकडे फिरते.

शिडी आणि पंखा

आऊटबोर्डची होडी असेल तर शिडी मागे लावू नका. पंखा तिथेच असतो. शिडी बाजूला, मधोमध किंवा किंचित मागे, तांडेलाच्या नजरेसमोर. मधोमध एकच दांडा आणि दोन्हीकडे उघड्या पायऱ्या अशी शिडी असेल तर फिन्स न काढता चढता येतं. दोन दांड्यांच्या शिडीला फिन्स पाण्यातच काढाव्या लागतात, आणि हात सुटला तर विनाफिन्सचा माणूस प्रवाहाबरोबर जातो.

शेवटची पायरी पाण्याखाली ७५ सेंटिमीटर तरी हवी. काठ पाण्यापासून ६० सेंटिमीटर वर असेल, तर शिडी १३५ सेंटिमीटर आणि काठाच्या वर धरायला आणखी ५०-६० सेंटिमीटरचे दोन दांडे. हे वरचे दांडे बहुतेक जण विसरतात. माणूस शेवटच्या पायरीपर्यंत येतो आणि तिथे धरायला काही नसतं. मग तो शेजाऱ्याचा सिलिंडर धरतो. पायऱ्यांमध्ये ३० सेंटिमीटर, शिडीचा कल बाहेरच्या बाजूला थोडा. उभी शिडी बोटीच्या पोटाखाली जाते आणि चढणारा मागे लटकतो. वजन धरताना माणूस ८०, सामान २५, सूटमधलं पाणी वेगळं, आणि बोट लाटेवर उठली की हे सगळं घटकाभर दुप्पट. त्या बेताने बोल्ट दहा मिलिमीटरचे आणि मागे फायबरची जाड पट्टी.

शिडी पाण्यात असेल तेव्हा इंजिन बंद. न्यूट्रल चालत नाही. थंड इंजिनात पंखा न्यूट्रललाही हळूहळू फिरत राहतो, आणि कुणाचा कोपर लिव्हरला लागायला वेळ लागत नाही. तांडेलाच्या मनगटाला किंवा जॅकेटला लाल दोरीची किल-स्विच असावी, आणि शिडी खाली सोडण्याआधी ती ओढूनच इंजिन बंद करायची सवय लावावी. म्हणजे स्विच चालतो की नाही हे दिवसातून चार वेळा आपोआप तपासलं जातं.

रॉकेलवर चालणारं आऊटबोर्ड जुन्या होडीबरोबर आलं असेल तर ते विकून टाका. धुराने पाहुणे पाण्यात शिरण्याआधीच ओकायला लागतात. इंधनाचा नियम जुनाच: एक तृतीयांश जायला, एक यायला, एक हात न लावायला.

दोर, नांगर, झेंडा

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, २९ चौरस किलोमीटरच्या आसपास. प्रवाळांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. तेव्हा खडपावर, म्हणजे पाण्याखालच्या खडकांवर, नांगर टाकणं हा विषयच नको. बांधलेला बोया असेल तर त्याला लागा. नसेल तर वाळूत नांगर टाका आणि दोर सोडत खडपाजवळ या. कुठल्या डाइव्हला कुठली परवानगी लागते ते वन खात्याकडून आधी लेखी घ्या.

दोराची लांबी अशी काढतात: खोली ८ मीटर, भरतीचे २, पाण्यापासून नाळेपर्यंत (होडीच्या पुढच्या टोकापर्यंत) १, एकूण ११, त्याच्या पाचपट ५५ मीटर. त्यातली शेवटची ५ मीटर ८ मिलिमीटरची साखळी. साखळी नांगराला आडवा ओढते. ती नसली की लाटेसरशी नांगर वर उचलला जातो आणि घसरतो. उधाणाच्या दिवसांत, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, पाण्याची ओढ जास्त; भांगाला, अष्टमीच्या आसपास, कमी. नवख्या पाहुण्यांच्या फेऱ्या जमतील तितक्या भांगाच्या आठवड्यात घ्या, आणि सकाळी, मतलई (जमिनीकडून येणारा वारा) पडून समुद्राकडचा खारा वारा सुटायच्या आत.

बोटीच्या मागे ३० मीटरचा तरंगणारा पॉलीप्रॉपिलीनचा दोर, टोकाला नारिंगी बोया. पहिला डायव्हर पाण्यात जाण्याआधी हा दोर पाण्यात हवा. ओढीत मागे पडलेल्याला तोच पकडायचा असतो. इंजिन सुरू करण्याआधी तो आत घ्यायचा, नाहीतर पंख्यात जातो. हे इतक्यांदा होतं, की दोराचं आतलं टोक इग्निशनच्या चावीजवळच बांधायचं. दोर आत घेतल्याशिवाय चावीला हात जाऊ नये.

खाली डायव्हर असताना आंतरराष्ट्रीय संकेतातला ‘ए’ झेंडा लावतात: अर्धा पांढरा, अर्धा निळा, निळ्या टोकाला खाच. समुद्रातल्या टकरी टाळण्याच्या नियमांत लहान बोटींसाठी तो किमान एक मीटर उंचीचा, ताठ आणि सगळ्या दिशांनी दिसणारा सांगितला आहे. म्हणजे कापड नको. दोन पातळ फळ्या काटकोनात एकमेकींत बसवून, रंगवून, छपराच्या चौकटीवर लावा. दुकानात मिळणारा लाल आणि तिरक्या पांढऱ्या पट्ट्याचा झेंडा जोडीला चालेल. कुठलाही असो, सगळे वर आले की उतरवायचा. दिवसभर फडकणाऱ्या झेंड्याकडे मासेमारीच्या होड्या काही दिवसांतच बघेनाशा होतात.

पाणी उपसणं, वीज, ऑक्सिजन

पंपाच्या खोक्यावरचा आकडा खरा धरू नका. ताशी ११०० गॅलन म्हणजे जवळपास ४,१६० लिटर, पण पाइपची चढ आणि बॅटरीचा उतरलेला दाब धरला तर निम्मं हातात येतं. पाण्याच्या पातळीखाली ३० सेंटिमीटरवर एक इंचाचा पाइप सुटला तर तासाला साधारण २,५०० लिटर आत येतं. म्हणजे एक पंप हरतो. म्हणून प्रत्येक आरपार भोकाशेजारी त्याच मापाची निमुळती लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवा, पाइपला दोन-दोन क्लॅम्प लावा, आणि दोन बादल्या. पंपाचा फ्लोट स्विच मुख्य स्विचला वळसा घालून, स्वतःच्या फ्यूजसह थेट बॅटरीला जोडा. रात्री जेटीला बांधलेल्या बोटीचा मुख्य स्विच बंद असतो, आणि बोटी बुडतात त्या बहुतेक अशाच, बांधलेल्या. वायर कल्हई केलेली घ्या. साधी तांब्याची वायर आतून हिरवी पडते.

ऑक्सिजन नुसता असून चालत नाही, पुरला पाहिजे. बी-टाइपचा सिलिंडर भरलेला असेल तर दीड हजार लिटर. डीकम्प्रेशनची, म्हणजे घाईने वर आल्यावर अंगात नायट्रोजनचे बुडबुडे झाल्याची, शंका आली की मिनिटाला १५ लिटरने, पिशवीवाल्या मास्कने द्यायचा. शंभर मिनिटं होतात. निवतीच्या खडकांपासून जेटी, जेटीपासून रुग्णवाहिका, पुढे रुग्णालय हा वेळ घड्याळ लावून मोजा. एकाऐवजी दोघांना द्यावा लागला तर पन्नासच मिनिटं. मग बहुतेक जण दुसरा सिलिंडर घेतात. खोक्याला तेलाचा, ग्रीसचा, पेट्रोलचा हात लागता कामा नये, आणि ते पेट्रोलच्या टाकीच्या विरुद्ध टोकाला हवं. झाकणाच्या आतल्या बाजूला नंबर रंगवून ठेवा: तटरक्षक दल १५५४, सागरी सुरक्षा १०९३, रुग्णवाहिका १०८. व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनल १६. त्याचा परवाना वेगळा काढावा लागतो.

जॅकेटं माणशी एक आणि लहान मुलांच्या मापाची वेगळी, दोन गोल बोये ३० मीटर दोरासकट, अग्निशामक दोन. यादी सर्व्हेयर देतोच. तो देत नाही ती गोष्ट म्हणजे पाटी. प्लास्टिकच्या पाटीवर नाव, उतरल्याची वेळ, वर आल्याची वेळ, उरलेला दाब. परत निघताना डोकी मोजायची नाहीत. नाव पुकारायचं आणि त्याच माणसाच्या तोंडून उत्तर घ्यायचं. मोजताना इन्स्ट्रक्टरला पाहुणा धरलं जातं, शेजारच्या होडीतून फोटो काढायला आलेल्यालाही. आणि बोटीवर एक माणूस कायम कोरडा राहील. सगळे पाण्यात, अशी वेळ येता नये.

नाव

नाव ठरवताना दोन माणसं डोळ्यासमोर आणा. एक, वर आलेला डायव्हर. त्याचे डोळे पाण्यापासून वीतभर उंचीवर असतात आणि समोर सारख्या दिसणाऱ्या सहा निळ्या-पांढऱ्या होड्या. दुसरा, तांडेल, जो वाऱ्यात रेडिओवर ओरडतोय. संकटाच्या हाकेत बोटीचं नाव तीनदा म्हणायचं असतं. ‘सागर’ने सुरू होणारी नावं इथेच मार खातात. सागरराज, सागररत्न, सागरकन्या: वाऱ्यात दुसरा अर्धा भाग उडून जातो आणि उरतो नुसता सागर, तो किनाऱ्यावर शंभर होड्यांचा आहे. तीन-चार अक्षरं, शेवट ठसठशीत, शेजारच्या जेटीवर तसं दुसरं नाव नाही, एवढं पुरे. जेटीच्या या टोकावरून वाऱ्याच्या विरुद्ध हाक मारून बघा. पलीकडच्याने नीट परत म्हणून दाखवलं तर ठेवा.

जागेचं नाव बोटीला देऊ नका. ‘निवती’ नावाची बोट देवबागला अडचणीत आली, की मदत कुठे जाईल याचा विचार करा. सर्जेकोट, पद्मगड, राजकोट कानाला छान लागतात, पण तेच कारण. ग्रामदेवतेचं नाव घ्यायचं तर रामेश्वर, भराडी, सातेरी आधीच खूप आहेत. पुढे ओळख पटेल असं काहीतरी जोडा, आणि ते नाव शिडीच्या पायऱ्यांजवळ लिहू नका, तिथे दिवसभर पाय लागतात. माशांची नावं चांगली. इसवण छान. मोरी हे शार्कचं इथलं नाव, पण पुण्याच्या पाहुण्याला न्हाणीघर आठवेल.

जुन्या बोटीचं नाव बदलायचं असेल तर आधी नोंदणी, विमा आणि रेडिओचा परवाना यांत बदला, रंगारी शेवटी. खरवडून काढलेल्या नावाची सावली जेलकोटवर राहते, कारण अक्षरांखालचा भाग उन्हाने विटलेला नसतो. १००० ते २००० नंबरच्या ओल्या कागदाने चढत्या क्रमाने घासून मग कंपाउंड करा, तरच जाते.

अक्षरं २० सेंटिमीटर उंचीची, गडद अंगावर पांढरी किंवा पांढऱ्यावर काळी. लाल-निळं दुरून विरघळतं. देवनागरीच्या स्टेन्सिलला शिरोरेषा सलग कापता येत नाही, मध्ये पूल ठेवावे लागतात. रंग वाळला की ते हाताने भरायचे. वेलांटी आणि रफार काठाच्या रबरपट्टीत जाणार नाहीत एवढी वर जागा सोडा. नाळेजवळ काठ वर चढत जातो, म्हणून रेघ पाण्याला समांतर न मारता काठाला समांतर मारा. दोन टोकांना दोरी ताणून खडू उडवला की झालं. डाव्या अंगाला नाव नाळेकडून सुरू होतं, उजव्या अंगाला नाळेपाशी संपतं. त्यामुळे दोन्हीकडे माप नाळेपासूनच घ्यायचं आणि उजवीकडे शेवटच्या अक्षरापासून उलटं मांडत यायचं. हे न केल्याने एका अंगाला नाव नाळेला चिकटलेलं आणि दुसऱ्या अंगाला अर्ध्या होडीत गेलेलं, असं बऱ्याच होड्यांवर दिसतं. मग तेच नाव जॅकेटांवर, बोयांवर, पेट्रोलच्या कॅनवर, डायव्हरने वर सोडायच्या नारिंगी फुग्यावर, आणि शिडीच्या वरच्या दांड्यांमधल्या पाटीवर. शिडीला हात घालण्याआधी डायव्हरला वाचता आलं पाहिजे, की ही आपली होडी.

दोन भागांचा पॉलीयुरेथेन रंग घ्या. आधी २२० नंबरचा कागद, अॅसिटोनचं फडकं, मग दोन पातळ हात. पूर्ण पिकायला आठवडा लागतो आणि दमट हवेत तो पांढुरका पडतो. इथेच वेळापत्रकाची पंचाईत होते. जलपर्यटन मेअखेर ते ऑगस्टअखेर बंद असतं आणि पूजा लोकांना नारळी पौर्णिमेलाच हवी असते, म्हणजे ऐन श्रावणात. एकतर मे महिन्यात रंगवून होडी झाकून ठेवा, नाहीतर नाव खडूने लिहून पूजा उरका आणि रंगाऱ्याला ऑक्टोबरच्या उन्हात बोलवा. नाळेला हळदकुंकू, अबोलीचा हार, ओटी, सगळं करा. नारळ मात्र किनाऱ्यावरच्या दगडावर फोडा. नाळेवर फोडला की जेलकोट उडतो आणि हंगामाचं पहिलं पाणी तिथूनच आत मुरतं. निरांजन वाळूत ठेवा, होडीत नको, पेट्रोलची वाफ तळाला बसलेली असते.